न केलेल्याची क्षमा

मला क्षमा झाली तेव्हा मी हाताला पावडर लावत होतो.

तबला वाजवणाऱ्याच्या हाताला घाम चालत नाही. जानेवारीची थंडी होती, तरी माझे तळवे ओले झाले होते, कारण थोड्याच वेळापूर्वी पाळकसाहेबांनी माझ्या लग्नाची पहिली जाहिरात वाचली होती. ‘हनोख पाटोळे आणि मिर्यम मकासरे यांच्या विवाहास कोणाची रास्त हरकत असल्यास कळवावे.’ आमच्यात लग्नाआधी तीन रविवार अशी जाहिरात भर उपासनेत वाचतात. तिन्ही वेळा कोणी काही बोललं नाही की मग लग्न लागतं. पहिल्या वेळी कोणी बोललं नव्हतं. बायकांच्या बाजूला मिर्यम मान खाली घालून बसली होती, आणि मी तिच्याकडे बघायचं नाही म्हणून पावडरच्या डब्याकडे बघत होतो.

त्या रविवारी मंडळीत मोठा उत्साह होता. आमचे पाळक रेव्हरंड साबळे तेव्हा नवीन होते, सेमिनरीतून, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या शाळेतून, ताजे आलेले. जुने पाळक वर्षारंभीच्या प्रार्थना सप्ताहात नुसता उपदेश करायचे आणि आम्ही नुसता ऐकायचो, दोघांचंही बरं चाललं होतं. साबळेसाहेबांना ते पटेना. त्यांनी विषय ठेवला, ‘वैऱ्यांवर प्रीती करा’, आणि वर म्हणाले, “बंधुभगिनींनो, नुसतं ऐकू नका, करा! प्रत्येक घरानं आपला एक वैरी निवडा. आठवडाभर त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा. आणि रविवारी इथं उभं राहून सांगा की मी त्याला क्षमा केली आहे.”

लोकांना ही कल्पना भलतीच आवडली. क्षमा करायची म्हणजे आधी गुन्हा सांगायला मिळतो ना! आठवडा सरला, आणि त्या रविवारी पहिल्याच बाकावरच्या दगूबाई उभ्या राहिल्या. “माझ्या जावेनं सासूची पाटली लांबवली, वर माझ्याच नावानं बोंब मारली, आणि तिच्या माहेरची सगळीच तसली, तरी मी तिला प्रभूच्या नावात क्षमा केली आहे.” सगळे म्हणाले, “आमेन.” मागच्या बाकावर बसलेल्या जावेलाही आमेन म्हणावं लागलं. मग जाऊ उठली आणि तिनं दगूबाईंना क्षमा केली. अर्ध्या तासात इतक्या जणांनी इतक्या जणांना क्षमा केली की आमच्या मिशन कंपाउंडात एवढी भांडणं होती हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

शेवटी दानियल ओहोळ उठला. तो माझ्याशेजारीच पेटीवर बसायचा. पेटी त्याची, तबला माझा, दहा-बारा वर्षं आम्ही दोघं मंडळीचं गायन सांभाळत होतो. बोर्डिंगात एका ताटात जेवलेले आम्ही. तो शाळेत क्लार्क, मी मिशनच्या वर्कशॉपात पोरांना सुतारकाम शिकवायचो. दान्या इतका गरीब की वाटेत मुंगी आली तर थांबून तिला जाऊ देईल.

तो म्हणाला, “मी... मी बंधू हनोख पाटोळे यांना क्षमा केली आहे.”

आणि बसला. गुन्हा सांगितलाच नाही.

सगळं चर्च माझ्याकडे वळलं. मी मागे वळून बघितलं, न जाणो दुसरा कोणी हनोख पाटोळे आला असेल. अख्ख्या तालुक्यात मी एकटाच होतो. कोणीतरी चाचरत आमेन म्हणालं, आणि साबळेसाहेब आनंदानं म्हणाले, “प्रभूची स्तुती असो! आता गायन.”

उपासना संपल्या संपल्या मी दान्याचा दंड धरला.

“दान्या, काय केलं मी?”

“जाऊ दे रे.”

“जाऊ दे काय? काय केलं ते सांग!”

“क्षमा केली ना तुला? क्षमा केलेली गोष्ट उकरून काढायची नसते.”

“अरे पण कुठली गोष्ट?”

“तेच म्हणतोय मी. उकरायची नसते.” त्यानं पेटीवर कापड टाकलं आणि तो माझ्याकडे न बघता निघून गेला.

घरी आलो तर आई भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “काय केलंस रे त्या गरिबाचं?”

“आई, मी काही केलेलं नाही.”

“केलं असशील काहीतरी. मी पोटच्या पोराला ओळखते. लहानपणीसुद्धा तू असाच म्हणायचास, मी नाही केलं, मी नाही केलं, आणि खिशात चिंचा असायच्या.”

आईच असं म्हणायला लागल्यावर बाकीच्यांना काय दोष द्यायचा? दान्यानं काहीतरी सांगितलं असतं, माझ्यावर चोरीचा आळ घेतला असता, तरी परवडलं असतं. एकच आळ, तो खोडून काढता आला असता. त्यानं काहीच सांगितलं नाही, म्हणून लोकांनी सगळंच धरलं. मंगळवारपर्यंत मी वर्कशॉपातलं सागवान विकलं होतं. बुधवारी मी पिऊन दान्याच्या दारात गोंधळ घातला होता. गुरुवारी महिला मंडळाची सभा झाली, आणि त्यानंतर दान्याची बायको मला बघून पदर सावरून आत निघून गेली. तेव्हा लोकांची मजल कुठवर गेली ते मी ओळखलं. त्या बिचारीलाही काही माहीत नव्हतं. तिनं नवऱ्याला विचारलं असेल, आणि त्यानं सांगितलं असेल, उकरायचं नसतं.

मी तडक पाळकांच्या बंगल्यावर गेलो. साबळेसाहेबांनी मला बसवलं, चहा मागवला.

“साहेब, त्याला सांगायला लावा.”

“कसं लावू? क्षमा झालेली आहे. देवसुद्धा आपलं पाप पाठीमागे टाकतो, बंधू, परत बघत नाही.”

“पण मी काही केलेलंच नाही!”

साबळेसाहेबांनी डोळे मिटले. “क्षमा करणं सोपं असतं, बंधू हनोख. क्षमा घेणं फार कठीण. त्याला नम्रता लागते.”

“न केलेल्या गोष्टीची क्षमा घेऊ?”

“‘मी काही केलं नाही’ असं प्रत्येकालाच वाटतं. हाच तो अभिमान.” ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आपण तुमच्यासाठी प्रार्थना करू.” आणि केलीसुद्धा. माझं कठीण हृदय वितळावं म्हणून त्यांनी इतकी लांब प्रार्थना केली की चहावर साय आली. मी आमेन म्हणालो. न म्हणून सांगतो कोणाला?

खरी धास्ती मला भाऊसाहेब मकासऱ्यांची होती. मिर्यमचे वडील. दवाखान्याच्या भांडारातून रिटायर झालेले, मंडळीच्या पंच कमिटीचे चेअरमन, सहा फूट उंच, आणि सत्याला इतके कडक की कोणी उपासनेला पाच मिनिटं उशिरा आला तरी दारातच कारण विचारायचे, आणि कारण खोटं वाटलं तर परत विचारायचे. मी त्यांना मुळातच पसंत नव्हतो. सोलापूरचं एक स्थळ त्यांच्या मनात होतं, रेल्वेतला क्लार्क, क्वार्टर मिळालेला. मिर्यम अडून बसली म्हणून त्यांनी मला होकार दिला होता. आता सोलापूरला परत पत्र गेल्याचं मला वर्कशॉपातल्या पोरांकडून कळलं.

मिर्यम बालवाडी सुटल्यावर मला गेटपाशी भेटली. चार पोरं तिच्या पदराला धरून होती, त्यामुळे फार बोलता येईना.

“खरं सांगा, काय केलंत?” तिनं विचारलं.

“देवाशपथ, काही नाही.”

“शपथ घेऊ नका, ख्रिस्ती माणसानं शपथ घ्यायची नसते. नुसतं सांगा.”

“काही नाही.”

तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. “माझा विश्वास आहे. पण बाबा म्हणतात, काही केलं नसतं तर दानियल कशाला बोलला असता? तो खोटं बोलणारा माणूस नाही. ह्यावर मी काय बोलू ते तरी सांगा.”

दान्या खोटं बोलत नाही हे मीच सगळ्या गावाला सांगत आलो होतो.

“बाबांनी सोलापूरकरांना तिसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी बोलावलंय,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. “काहीतरी करा हो. भांडा, पाया पडा, काय वाट्टेल ते करा. मला त्या क्वार्टरात नाही जायचं.” मग एक पोरगं रडायला लागलं, आणि ती त्याला कडेवर घेऊन गेली.

दुसऱ्या रविवारी मी तबल्यावर बसलो तो दात खाऊन. दान्यानं पेटीवर सूर धरला, सावकाश, भक्तीचा. मी लय दुप्पट केली. तो बावरला, धावत माझ्यामागे आला. मी आणखी वाढवली. म्हातारी माणसं पहिल्या कडव्यात मागे पडली, महिला मंडळ दुसऱ्या कडव्यात गळालं, तिसऱ्यात साबळेसाहेब एकटेच टाळ्या वाजवत होते आणि त्यांना वाटत होतं की मंडळीत जागृती आली. दान्याच्या कपाळावर घाम आला, पण त्यानं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मला त्याचा असा राग आला होता की डग्गा त्याच्या डोक्यात घालावा. त्याचं माझ्याशी वैर नव्हतं, पण माझं त्याच्याशी आता पक्कं वैर झालं होतं. वैऱ्यांवर प्रीतीचा सप्ताह पार पडला आणि मला एक वैरी मिळाला.

दुसरी जाहिरात वाचून झाली. ‘कोणाची रास्त हरकत असल्यास...’

भाऊसाहेब मकासरे उभे राहिले.

“मुलीचा बाप म्हणून बोलतो,” ते म्हणाले. “ह्या माणसाला भर उपासनेत क्षमा झाली. क्षमा झाली म्हणजे गुन्हा झाला. गुन्हा काय, ते मंडळीपुढे आलं पाहिजे. पुढच्या रविवारपर्यंत आलं नाही, तर तिसरी जाहिरात वाचली जाणार नाही. सत्याला भिण्याचं कारण नाही. ज्याच्या मनात काही नाही तो उजेडात येतो.” आणि बसले.

ह्या वाक्यावर सगळ्यात मोठं आमेन झालं.

शनिवारी दुपारी गायनाच्या तालमीला चर्चमध्ये आम्ही दोघंच होतो. मी दार लावून घेतलं आणि कडी घातली.

“हे बघ दान्या,” मी म्हणालो, “उद्या माझं लग्न मोडतंय. आता मला सांगितल्याशिवाय तू इथून बाहेर पडत नाहीस. काय केलं मी?”

त्यानं पेटीच्या पट्ट्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, “काही नाही.”

“काय काही नाही?”

“तू काही केलं नाहीस.”

आणि मग तो भडाभडा बोलायला लागला. “अरे, प्रत्येकानं वैरी निवडायचा म्हणाले ना साहेब. मी आठवडाभर शोधला. रोज सकाळी गुडघ्यावर बसून विचार केला. मला कोणी सापडेना रे. माझं कोणी काही वाईटच केलं नाही. साहेब येऊन विचारून गेले, ठरला का तुमचा? मी नाही म्हणालो, तर म्हणाले, ज्याला वैरी नाही असं वाटतं त्यानं आपलं मन आणखी तपासावं. कमिटी जूनमध्ये मला सेमिनरीला पाठवणार आहे, शिफारस साहेबांच्याच हातात आहे. रविवारी सगळे उठले. दगूबाई उठल्या. मी एकटा बसून राहिलो असतो तर गर्विष्ठ दिसलो असतो.”

“म्हणून माझं नाव घेतलंस?”

“दुसऱ्या कोणाचं घेतलं असतं तर त्याला राग आला असता.” त्याचे डोळे भरले. “तुझ्यावर प्रीती करणं मला जड नव्हतं. म्हणून तुलाच वैरी केलं.”

मी त्याला काय काय बोललो ते आज लिहिण्यासारखं नाही. चर्चच्या भिंतींनी ते शब्द त्याआधी ऐकले नसतील. गाढवा, म्हणालो, सबंध वर्षात तुझं एवढंसंही नुकसान नाही झालं? कोणी ढकललं नाही, कोणी काही नेलं नाही?

“नाताळाच्या आधी आमचा तांबडा कोंबडा गेला,” तो डोळे पुसत म्हणाला. “पण तो मुंगसानं नेला. मुंगसाला कशी क्षमा करू?”

मी कडी काढली. जाता जाता त्याला बजावलं, “उद्या उभा राहा आणि खरं सांग. नाहीतर मी सांगेन.”

“सांगतो,” तो म्हणाला. “मीच सांगतो. सेमिनरी गेली तर गेली.”

तिसरा रविवार. सोलापूरकर सोमवारी येणार होते, पण त्यांच्यातले एक काका आदल्या दिवशीच आले होते आणि भाऊसाहेबांच्या शेजारी बसले होते, नवी टोपी घालून. मिर्यमचे डोळे सुजलेले. माझी आई मिर्यमच्या मागच्या बाकावर. साबळेसाहेबांनी जाहिरातीचा कागद हातात घेतला आणि थांबले. “भाऊसाहेबांची विनंती आपल्याला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “कोणाला काही सांगायचं आहे?”

दान्या उठला. पेटीचा आधार घेऊन उठला. त्याची बायको समोर बसली होती, पोटुशी, आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती. “मला... देवाच्या घरात...” एवढं म्हणाला आणि त्याचं तोंड नुसतंच हलायला लागलं. त्याचा हात पट्ट्यांवर होता, भात्यात राहिलेल्या हवेनं पेटीतून एक बारीक सूर निघत होता, आणि तो सूर थरथरत होता.

वैऱ्यावर प्रीती करावी असं मला त्या क्षणी अजिबात वाटलं नव्हतं, हे मी स्पष्ट सांगतो. मला अजून त्याचा रागच होता. वाटलं एवढंच, की हे येडं आता सगळ्यांदेखत स्वतःला बुडवणार, आणि ते मला बघवणार नाही.

मी उठून मोठ्यानं म्हणालो, “कोंबडा मी खाल्ला.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

“दानियल ओहोळांचा तांबडा कोंबडा. नाताळाच्या आधी गेला तो. मुंगसानं नाही नेला. मी नेला, मी कापला, मी खाल्ला. एकट्यानं. दानियलला ते कळलं, पण माझ्या अब्रूसाठी तो बोलला नाही. मी आज कबूल करतो.”

दान्या माझ्याकडे आ वासून बघत राहिला. “पण हनोख, कोंबडा तर...”

“क्षमा केलीस ना?” मी दरडावलं. “मग गप बस. क्षमा केलेली गोष्ट उकरून काढायची नसते.”

तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. लोकांना वाटलं, कोंबड्याच्या आठवणीनं.

बायकांच्या बाजूनं दगूबाईंचा आवाज आला, “एवढंच?” आणि तिथून कुजबुज पसरली. दोन आठवडे सागवान, दारू आणि काय काय चघळल्यावर एका कोंबड्यावर समाधान मानायचं म्हणजे लोकांना जडच गेलं. माझी आई शेजारणीला म्हणाली, “मी म्हटलंच होतं, केलं असणार काहीतरी.” साबळेसाहेब मात्र गहिवरले. “पाहा!” ते म्हणाले. “प्रभूला नाकारणाऱ्या पेत्राला कोंबडा आरवल्यावर पश्चात्ताप झाला. आमच्या बंधूला कोंबडा खाल्ल्यावर झाला. पण झाला!”

मी मिर्यमकडे बघितलं. मला वाटलं, ती हसेल, नाहीतर रडेल. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती पलीकडे, पुरुषांच्या बाकावर, बापाकडे बघत होती, डोळे मोठे करून. मग तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तिचे खांदे हलायला लागले.

“भाऊसाहेब,” साबळेसाहेब म्हणाले, “सत्य उजेडात आलं आहे. आपली काही हरकत?”

भाऊसाहेब मकासरे उठले नाहीत. सहा फुटांचा माणूस, पण बाकात कुठेतरी खाली गेला होता. सोलापूरचे काका त्यांच्याकडे बघत होते, सगळी पंच कमिटी बघत होती. त्यांनी खाकरून घसा साफ केला. पुन्हा केला.

“वाचा,” ते म्हणाले. “तिसरी जाहिरात वाचा.”

“पण चोरीचा गुन्हा...” सोलापूरचे काका म्हणायला लागले.

“क्षमा झाली आहे!” भाऊसाहेब एवढ्या जोरात म्हणाले की काकांची टोपी सरकली. “झालेली क्षमा पुन्हा काढायची नाही!”

जाहिरात वाचली गेली. कोणाची हरकत आली नाही.

उपासनेनंतर चर्चच्या दारात हात मिळवायची पद्धत आहे. पाळकांशी हात मिळवला, पुढे भाऊसाहेब उभे होते. त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. मला बाजूला घेऊन गेले, विलायती चिंचेखाली. तिथं ते आपल्या बुटांकडे बघायला लागले.

“माझी सगळी मेथी उकरायचा तो,” ते हळू आवाजात म्हणाले. “रोज. कुंपण घातलं तरी यायचा. घरात सांगितलं, पाहुण्यांनी दिला.”

मी आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते बघून घेतलं.

“दुपारभर चुलीवर ठेवला,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “फार चिवट निघाला हो तो, जावईबापू.”

त्या महिन्यात मी पहिल्यांदाच कोणाला तरी क्षमा करू शकलो असतो, आणि तीही खऱ्या गुन्ह्याची. पण कंपाउंडात क्षमेनं काय होतं ते मी बघितलं होतं. म्हणून त्यांचा हात दाबून मी म्हणालो, “मला तर गोड लागला, भाऊसाहेब.”